रविवारची दमण सहल

सर्व सभासदांना नमस्कार,
येत्या रविवारी पहाटे 5.15 ला वडोदरा स्टेशनवर अलकापुरीच्या बाजूला जमायचं आहे. वापीपर्यंत रेल्वे, पुढे रिक्षा. नावं शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा.

- आधी मोटी दमणचा किल्ला. 1961 पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. आतलं बों जेझूस चर्च 1603 चं. त्याचं लाकडी कोरीवकाम निवांत पाहा, घाई करू नका.
- दुपारी जांपोर किनारा. ओहोटीला समुद्र खूप मागे जातो आणि भरतीचं पाणी झपाट्याने चढतं. मुलांना एकटं सोडायचं नाही.
- दमणमध्ये दारू मिळते, गुजरातेत बंदी आहे. बाटली कुणीही आणायची नाही. नाक्यावर सगळेच अडकतील.
- डबा, पाणी, ओळखपत्र, टोपी.