रविवारची बैठक : परदेशी टीमशी बोलताना

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता होटगी रोडवरच्या नेहमीच्या हॉलमध्ये जमायचंय. विषय : परदेशी इंजिनिअरांशी बोलणं-लिहिणं.

आपण सहज 'करतो की' म्हणतो, जर्मन माणूस ते पक्कं धरतो. जपान्याचं 'हाय' म्हणजे पुष्कळदा नुसतं 'ऐकतोय'. मी तो होकार समजून ड्रॉइंग पुढे धाडलं आणि तोंडघशी पडलो.

- स्वतःचा एक फसलेला ईमेल आणा, कंपनी-ग्राहकाचं नाव खोडून.
- त्यात 03/04 अशी तारीख असेल तर खूण करा. अमेरिकेत ती 4 मार्च.
- एककंही तपासा. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळाकडे धाडलेलं यान पौंड-न्यूटन या बलाच्या एककांच्या घोळातच गेलं.
- शुक्रवारपर्यंत कळवा, कडक भाकरी-शेंगाचटणी मोजून सांगावी लागते.