आधी तारीख लिहून ठेव

प्रिय दोस्ता,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो, नुसतं हं हं करत राहिलो, त्याबद्दल सॉरी. सकाळी तबेल्यात गेल्यावर तुझं बोलणं, शेजाऱ्याचा घोडा तुटलेल्या कुंपणातून तुझ्या घोडीपाशी आला ते, परत नीट आठवलं आणि वाटलं फोनवर हे सगळं सांगणं जमायचं नाही, लिहूनच पाठवतो.

तू तीनदा म्हणालास, "काही झालं नसेल रे, मी गेलो तेव्हा दोघं शांत चरत होते." अरे, घोड्याचं काम मिनिटभरात उरकतं! नंतर ते शांतच चरतात. कुंपण रात्रीच कधीतरी तुटलं, तुला कळलं सकाळी, म्हणजे मधले सात-आठ तास काय झालं ते फक्त त्या दोघांनाच माहीत. तेव्हा झालंय असंच धरून चाल.

आणि शेजारी म्हणतो ना, "माझा घोडा तर खच्ची केलेला आहे, तीन आठवडे झाले", तर त्यावर अजिबात निर्धास्त राहू नकोस. वृषणं काढली तरी पुढच्या नळ्यांमध्ये जे वीर्य उरलेलं असतं ते काही आठवडे पुरतं, म्हणूनच खच्ची केल्यावरही घोड्याला महिना-दीड महिना माद्यांपासून लांब ठेवायला सांगतात. तो माणूस खोटं बोलत नसेल, त्याला खरंच माहीत नसेल. मलाही नव्हतं.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगतो, तेव्हा लाज वाटायची. माझं ते काळं शिंगरू आठवतंय? तेरा-चौदा महिन्यांचं होतं, सगळ्यांच्या अंगावर उड्या मारायचं, आम्ही हसायचो, म्हणायचो पोरगं आहे अजून, खेळतंय. खेळत नव्हतं ते. बरोबरच्या दोन वर्षांच्या तरण्या घोडीला दिवस गेले आणि मला पत्ताच नाही. ती माजावर येईना तेव्हा मनात शंका आली होती, खोटं कशाला बोलू, पण म्हटलं बघू, हवा बदललीय, होईल नीट. असं बघू बघू करत किती आठवडे गेले माहितीये? डॉक्टर दुसऱ्याच कामासाठी आले होते, सहज सोनोग्राफी केली, स्क्रीन माझ्याकडे फिरवली, आणि त्यावर बोटाएवढा जीव चक्क हलत होता. जवळपास 60 दिवस झालेले. डॉक्टर काही बोलले नाहीत, मीच खाली बघत राहिलो.

त्यांनी नंतर जे समजावलं ते तुझ्या उपयोगाचं आहे. गर्भ टिकतो तो बीजकोषात तयार होणाऱ्या पिवळ्या गाठीच्या जोरावर. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं की ती गाठ विरते, गर्भ सुटतो आणि घोडी तीन ते पाच दिवसांत परत माजावर येते. पण साधारण 35व्या दिवसानंतर गर्भपिशवीच्या आत छोट्या वाट्यांसारखी गाठोडी तयार होतात आणि ती स्वतःचं हार्मोन सोडायला लागतात. मग एका इंजेक्शनने भागत नाही, परत परत द्यावी लागतात, आणि गर्भ पडला तरी त्या वाट्या जवळजवळ 120 दिवसांपर्यंत आपलं काम करतच राहतात. माझी घोडी त्यामुळे अख्खा सीझन माजावर आली नाही. म्हणजे चूक एका रात्रीची आणि भोगलं वर्षभर, तेही तिने, मी नाही.

पण उलटी घाई पण नको हं. तू म्हणालास उद्याच इंजेक्शन देऊन टाकतो. उद्या दिलं तर वाया जाईल. बीज सुटल्यानंतर ती गाठ निदान पाच दिवसांची व्हावी लागते, तोवर तिच्यावर औषधाचा परिणाम नीट होत नाही. आणि बीज त्या रात्रीच सुटलं असेल असंही नाही, घोडी पाच-सात दिवस माजावर असते आणि बीज सुटतं शेवटच्या दिवसांत. तेव्हा नक्की दिवस डॉक्टरच ठरवतील, आठवड्या-दहा दिवसांनी देऊया म्हणतील नाहीतर 14 ते 16व्या दिवशी सोनोग्राफीत बघून देऊया म्हणतील. दोन्ही बरोबर आहे, फक्त दिल्यानंतर परत तपासून घे, दिलं म्हणजे झालं असं समजू नकोस.

इंजेक्शन दिल्यावर घाबरू नकोस हे मुद्दाम सांगतो कारण मी घाबरलो होतो. दहा मिनिटांत तिची मान घामाने भिजली, पातळ लीद, पुढच्या पायाने जमीन उकरतेय, सारखी वळून कुशीकडे बघतेय. मला वाटलं गेली. डॉक्टर शांतपणे म्हणाले फिरवा तिला, आणि तासाभरात पठ्ठी चाऱ्यात तोंड घालून उभी.

हे मात्र डोक्यात पक्कं ठेव, ती बाटली वहिनींच्या हाताला लागता कामा नये. त्यांना चौथा महिना आहे ना? हे औषध नुसत्या कातडीतून आत जातं, आणि जे घोडीचं करतं तेच बाईचंही करू शकतं. आणि तू सुद्धा लांब रहा, दम्याचा पंप खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाचा श्वास त्याने अडकू शकतो. डॉक्टरांनाच देऊ दे, घोडी दुसऱ्या कोणालातरी धरू दे.

गर्भ ठेवायचा का, हे पण विचारलंस. तुझी म्हातारी घोडी 19 वर्षांची, आणि एकदाही व्यालेली नाही. माझं मत विचारशील तर नको. अशा घोड्यांना पहिलं बाळंतपण त्या वयात जड जातं. ते 11 महिने, साधारण 340 दिवस, आणि शेवटचे तीन महिने तर गर्भ जोरात वाढतो, सगळा भार तेव्हाच. मग रात्रीचं जागरण, कारण घोड्या बहुतेक रात्रीच वितात. शिंगरू तासाभरात उभं राहिलं का, दोन तासांत सडाला लागलं का, तीन तासांत वार पडली का, हे घड्याळ लावून बघायचं, वार अडकली तर ती घोडीच्या जिवावर आणि खुरांवर उठते. आणि एवढं करून जे जन्माला येईल ते पंचवीस वर्षं कोण सांभाळणार? तुला शिंगरू हवंच असतं तर गोष्ट वेगळी, मग आनंदाने ठेव, मी येईन जागायला. पण "आता झालंच आहे तर" म्हणून ठेवू नकोस. आणि ठेवणार असलास तरी 16व्या दिवसाच्या आत तपासच, जुळं असलं तर एक तेव्हाच काढता येतं, नंतर ते फार अवघड होतं आणि घोडीची जुळी सहसा टिकत नाहीत.

त्या घोड्याला कुठला संसर्ग आहे का ते पण शेजाऱ्याला विचारून घे, वाईट वाटलं तर वाटू दे.

आणि कुंपण आजच दुरुस्त कर. हसू नकोस, इंजेक्शन दिल्यावर ती चार-पाच दिवसांत परत माजावर येणार आहे, आणि तो तिकडे उभाच आहे.

डॉक्टर पहिलं विचारतील त्या दिवसांत ती माजावर होती का. शेपूट वर धरत होती का, थोडी थोडी लघवी करत होती का, कुंपणापाशी जाऊन उभी राहायची का, आठवत असेल ते तारखेसकट लिहून ठेव आणि मलाही फोटो काढून पाठव.

तुझाच