नातवाच्या शिकवणीविषयी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पाच वर्षांचा नातू शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणतो, पण सहा शेंगा दे म्हटले की मूठभर उचलून देतो, म्हणून त्याला शिकवणी लावावी का, असे तू विचारले आहेस. मुळीच लावू नकोस. आकडे म्हणणे हे पाठांतर झाले. एका वस्तूला एकच आकडा लावायचा आणि शेवटी उच्चारलेला आकडा हीच सगळ्यांची संख्या, हे मात्र हाताने मोजूनच उमगते. माझ्या नातीचेही गेल्या वर्षी असेच होते. दहा चिंचोके जरा लांब लांब मांडले की ती म्हणे, आता जास्त झाले. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांची हीच गंमत फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. हा वयाचा भाग आहे, मंदपणाचा नव्हे.

सापशिडी खेळताना एक गोष्ट अवश्य कर. सोंगटी चोविसावर असून तीनचे दान पडले, तर ‘एक, दोन, तीन’ न म्हणता ‘पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ असे घरांचे आकडे म्हणायला लाव. गीता रमाणी व रॉबर्ट सीगलर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली अमेरिकेतील गरीब घरांतील मुलांना एक ते दहा घरांचा सरळ पट थोडे दिवस खेळायला दिला, तेव्हा त्यांची संख्यांची समज वाढली; ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्यांची तशी वाढली नाही. आपल्या सापशिडीत प्रत्येक ओळ उलटी वळते आणि लहान मूल तिथे गोंधळते, म्हणून मी सोप्यातल्या फरशीवर खडूने दहा घरे सरळ आखली आणि ठिकरी टाकून नातीला त्यांवर लंगडी घालायला लावली.

आपल्या भाषेची अडचण आणखी वेगळी. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. नात एकविसाचे बारा लिहू लागली आणि ते हसू ओसरले.

पैशांचे म्हणशील, तर आमच्याकडे दुकान-दुकान चालते: गुळाचे खडे, लिंबे, चिंचोके, आणि नाणी मात्र खरी. प्रारंभी तिला पाचाच्या एका नाण्यापेक्षा रुपयाची तीन नाणी अधिक वाटत, आणि वाटणारच, कारण डोळ्यांना तीन दिसतात. मी पाचाच्या नाण्यासमोर रुपयाची पाच नाणी ओळीने ठेवून अदलाबदल करण्याचा खेळ सुरू केला, तेव्हा कुठे महिनाभराने तिचा विश्वास बसला. सुटे देताना वजाबाकी सांगत बसू नकोस. सात रुपयांची काकडी आणि दहाची नोट असेल, तर मंडईतल्या बायकांप्रमाणे ‘आठ, नऊ, दहा’ म्हणत एकेक रुपया तळहातावर ठेवायचा. हाती तीन रुपये आपोआप येतात.

खऱ्या बाजाराला तोड नाही. सूनबाई मोबाईलवरून पैसे देतात, त्यामुळे भाजी फुकटच मिळते अशी या पोरीची समजूत झाली होती! आता रविवारी मी तिला कपिलतीर्थ मंडईत नेतो, दहाची नोट तिच्याच मुठीत देतो आणि कोथिंबीर की लिंबे, हे तिलाच ठरवू देतो. दोन्ही येत नाहीत म्हणून ती पहिल्या रविवारी रडली. मी वरून पैसे घातले नाहीत. घरी यावरून माझी चांगलीच कानउघाडणी झाली.

काल तिच्या दुकानात गुळासाठी मला दोन रुपये कमी पडले, म्हणून मी उधारी मागितली. ती म्हणाली, “आजोबा, आधी परवाचे चार द्या.” परवाचे चार खरेच राहिले होते.

वहिनींना नमस्कार, नातवास आशीर्वाद.

तुझा मित्र