रिचार्ज उधारीवर, मग प्रीपेड कसलं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा लग्नात आमच्या पाहुण्यात प्रीपेड बरं का पोस्टपेड यावर वाद पेटला. पुण्यात नोकरीला असलेला भाचा म्हणतो, मामा पोस्टपेड घ्या, महिन्याला बिल येतं, भरून मोकळं, रिचार्जची कटकट नाही. (बिलात 18 टक्के जीएसटी वरून लागतो ते मात्र बोलला नाही, प्रीपेडच्या किमतीत तो आतच धरलेला असतो.) पण त्याला एक तारखेला पगार होतो. आमचा पगार म्हणजे सोयाबीन, ते मोंढ्यात गेल्यावर होतो, अन् भाव पडला की तेव्हा पण होत नाही.

म्हणून आम्ही प्रीपेड. पण खरं सांगू का, आमच्या गावात प्रीपेड फक्त कंपनीसाठी आहे. स्टँडसमोर मोबाईलचं दुकान आहे, काउंटरखाली एक लाल वही, पुढून उघडली की चार्जर अन् स्क्रीनगार्डचा हिशोब, उलटी करून मागून उघडली की रिचार्जची उधारी, नंबर, रक्कम, तारीख. पेरणीपासून दिवाळीपर्यंत ती मागूनच भरत जाते. कंपनीला पैसे दुकानदार आधी देतो, आम्ही त्याला सवडीनं. झालं की पोस्टपेड!

त्या वहीतच मायच्या नंबरच्या वर्षात 13 नोंदी निघाल्या. मी म्हणलं बाबा एक जास्तीची लिहिली का, तर दुकानदारानं, पॅक महिन्याचा नाही 28 दिवसाचा असतो म्हणत, कॅल्क्युलेटरवर 365 भागिले 28 करून दाखवलं, मी गप्प. ट्रायनं (मोबाईल कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था) 2022 लाच 30 दिवसाचा अन् दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवा म्हणून कंपन्यांना सांगितलंय, पण आपण मागत नाही अन् समोरचा सांगत नाही.

मायकडं बटणाचा फोन. नेट तिला माहितच नाही, तरी रोजच्या जीबीचे पैसे जायलेत. 2024 च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा तिचा पण रिचार्ज वाढला, न वापरलेल्या नेटसकट. त्याच डिसेंबरात ट्रायनं नुसते कॉल अन् एसएमएसचे पॅक द्यायला लावले, मुदत 365 दिवसापर्यंत. आमच्या कंपनीच्या ॲपमध्ये तो पॅक शोधायला मला पोराला बसवावं लागलं, पार खाली होता. मायनं कुठून शोधायचा? निदान दुकानात दिसंल असा एक मराठी बोर्ड लावायला कंपन्यांना काय जातं, हे तुम्ही छापावं म्हणून हे पत्र.

वर्षाचा पॅक स्वस्त पडतो पण एकदम तेवढी उधारी दुकानदार देत नाही, म्हणून गरीब माणूस 28 दिवसातच अडकतो. यंदा सोयाबीन विकलं की मायला वर्षाचाच टाकायचा म्हणून त्याला सांगून आलो. तो म्हणला, टाकू की काका, आधी मागचे चार मिटवा.

आपला एक वाचक,
जिंतूर, जि. परभणी