पिल्लं काढायची म्हणतोस?

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय संज्या,

तुझं पत्र पोचलं. मेक्सिकन रेडनी टॅरँटुलाची, म्हणजे त्या लाल गुडघ्यांच्या मोठ्या कोळ्याची, मादी आहेच, आता नर आणून पिल्लं काढतो म्हणतोस. आण की! पण आधी सांग, ठेवणार कुठं? रेडनीच्या एका अंडीपिशवीतनं दोन-तीनशे पिल्लं सहज निघतात.

जोडी लावणं हे त्यातलं सोपं काम. वयात आलेल्या नराच्या पुढच्या पायांना आकडे येतात. मादीचे सुळे त्यांनीच अडवून धरतो, म्हणून तर वाचतो बिचारा. आधी तो छोटं जाळं विणून त्यावर वीर्य सोडतो आणि तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकांत भरून घेतो. हे झालेलं दिसल्याशिवाय त्याला आत सोडू नको. मग तो पायानं ठकठक करतो, मादीही तशीच उत्तर देते. तू लांब चिमटा हातात घेऊन बस. मादी पोटभर खाल्लेली आणि अलीकडंच कात टाकलेली हवी. कारण अंडी घालायच्या आधी तिनं परत कात टाकली, तर साठवलेलं वीर्य कातीबरोबर जातं. सगळं मुसळ केरात!

पिशवी मादीजवळ ठेवावी की काढावी, यावर लोक हातघाईवर येतात. मी महिन्याभरानं काढली. आपल्या पावसात डब्याला बुरशी धरते, आणि मादी बिथरली तर पिशवीच खाऊन टाकते. उघडली तर आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, आणि कित्येकांना पाय फुटलेले! चालता येत नाही, नुसती वळवळ. पुढं एक-दोन काती झाल्या की ती धावायला लागतात, आणि एकमेकांना खायलाही. तेव्हा वेगळी करायची.

लक्ष्मीपुरीतनं चटणीच्या डब्या आणल्या, सुईनं भोकं पाडली, तळाला ओलसर कोकोपीट. खायला केळ्यावरची चिलटं, नाहीतर रातकिड्याचा तोडलेला पाय. एकेका डबीचं टोपण उघडून हे करायचं म्हटल्यावर अख्खी संध्याकाळ जाते. एक पिल्लू उताणं पडलेलं बघून आई म्हणाली, "अरे, मेलं की रे ते!" कात टाकताना ती उताणीच पडतात. सुळे टणक होईपर्यंत खायला द्यायचं नाही, नाहीतर जिवंत रातकिडाच त्यांना कुरतडतो.

आणि वाढ म्हणशील तर मुंगीच्या पावलानं. मादी वयात यायला सहा-सात वर्षं लागतात, जगते मात्र पंचवीसच्या पुढं.

आंबोलीतनं एखादा धरून आणायचं तुझ्या डोक्यात आहे, ते आधी काढून टाक. रानातला जीव रानात राहू दे. आपल्याकडच्या टॅरँटुलांना मेक्सिकनसारखे अंगावर खाज आणणारे केस नसतात, पण चावा मेक्सिकनपेक्षा कितीतरी जहाल.

माझं ऐकशील तर नर आणूच नको, माझ्याकडची चार पिल्लं घे. नर की मादी ते आत्ता कळणार नाही. जरा मोठी झाली की टाकलेली कात भिजवून उलगडायची आणि पोटाकडच्या भागात वीर्य साठवायची पिशवी आहे का बघायची. फक्त मेक्सिकन रेडनी ही जात सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळं सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंद लागते, पिल्लांचीसुद्धा. तेवढे कागद कर, मग दिवाळीत ये. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दिग्या