इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या काकांना, फाटलेल्या क्रीमबद्दल मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

खरं तर हे घरी येऊनच सांगायला हवं होतं, पण आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं त्यात काय, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आणि घरी क्रीम करणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासारख्याच ह्याच जागी अडकतात, त्यांनाही कळू दे तुम्ही मला काय काय दाखवलंत ते.

डिसेंबरात सासूबाईंच्या टाचांना इतक्या भेगा पडल्या होत्या की मोजे काढताना रक्त लागायचं, विकतच्या क्रीमचा वास त्यांना सहन होत नाही, म्हणून मी घरी करायला घेतलं. खोबरेल, बदाम तेल, मधमाशांचं मेण, गुलाबपाणी आणि घरचं पाणी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा सकाळी बघावं तर खाली पाणी आणि वर तेलकट गोळे. मग कुणीतरी सांगितलं सुहागा, म्हणजे टाकणखार (बोरॅक्स) घाल, तो घातल्यावर एक बरणी दहा दिवस मस्त टिकली, मला वाटलं जमलं, आणि पुढची बरणी तेच सगळं घालून एका रात्रीत फाटली. तुमच्याकडे काकूंचा डबा परत द्यायला आले होते तेव्हा मी खरंच रडवेली झाले होते.

तुम्ही बरणी मागवलीत, तिरपी करून बघितलीत, वास घेतलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "पाणी कुठलं? नर्मदेचं की बोरिंगचं?" मला काही कळेचना की क्रीमचा आणि त्याचा काय संबंध. पण खरंच, टिकलेली बरणी नळाला नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशीची होती आणि फाटलेली बोरिंगच्या पाण्याची! मग तुम्ही समजावलंत की नुसतं मेण तेल आणि पाणी बांधून ठेवत नाही, ते फक्त घट्टपणा देतं. सुहागा घातला की मेणातल्या आम्लाचा त्याच्याशी मिळून साबण तयार होतो आणि तो साबण दोघांना धरतो. आणि बोरिंगच्या जड पाण्यात कपड्याच्या साबणाला फेस येत नाही, मग ह्या साबणाचं तरी वेगळं काय होणार, कॅल्शियम त्याला निकामी करतं. त्या एका वाक्यात माझ्या महिनाभराच्या गोंधळाचा उलगडा झाला. त्या दिवसापासून फक्त डिस्टिल्ड वॉटर. सुहागा मात्र तुम्ही बंदच करायला लावलात, भेगा पडलेल्या कातडीवर तो नको म्हणून, आणि ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

गॅलनची गोष्ट पण लक्षात आहे, दुसऱ्या शतकातला तो ग्रीक वैद्य मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून कोल्ड क्रीम करायचा. म्हंजे मी जे करत होते ते अगदीच खुळ्यासारखं नव्हतं, फक्त त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. त्या संध्याकाळी ते ऐकून किती बरं वाटलं सांगू.

पीथमपूरच्या कारखान्यांच्या भागात इतकी वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस, पण तुम्ही मला नुसती रेसिपी लिहून दिली नाहीत. वही घ्यायला लावलीत. चमच्याने मोजायचं नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजायचं, पाणीसुद्धा. १०० ग्रॅमला २० ग्रॅम तेल, ६ ग्रॅम इमल्सिफाइंग वॅक्स (मेणाच्या जागी, तेल आणि पाणी धरून ठेवणारं), घट्टपणासाठी २ ग्रॅम सिटाइल अल्कोहोल, बाकी बहुतेक पाणीच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तोपर्यंत दर वेळी तीन गोष्टी बदलत होते, त्यामुळे कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं ते कळायला मार्गच नव्हता.

वॅक्स बदलूनही पुढची बरणी दाणेदार झाली तेव्हा तुम्ही परत आलात, पायऱ्या चढून, गुडघा दुखत असताना, हे मी विसरणार नाही. माझ्या गॅसशेजारी उभं राहून नुसतं बघत होतात. मी गरम तेलात फ्रीजमधलं डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि तुम्ही तिथेच हात धरलात. गार पाणी लागल्याबरोबर वॅक्स थिजतं, मग कितीही फिरवा ते मिसळत नाही. दोन्ही भांडी एकाच उकळत्या पातेल्यात ठेवून दोन्ही ७० ते ७५ डिग्रीला आणायची, थर्मामीटरने बघून, अंदाजाने नाही, मग एकत्र करून ब्लेंडर थोडा थोडा चालवायचा, मध्ये थांबायचं म्हणजे हवा शिरत नाही, आणि गार होईपर्यंत हलवत राहायचं. हे शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जणी इथेच घाई करतात, मीही करायचे.

वाटीभर पाण्यात क्रीमचा थेंब टाकून बघायची युक्ती तर मुलीलाही इतकी आवडली! थेंब दुधासारखा पसरला तर बाहेर पाणी आणि आत तेल, तसाच तरंगत राहिला तर उलटं. सुहाग्याच्या माझ्या बरण्या उलट्या जातीच्या होत्या आणि हलकं व्हावं म्हणून मी त्यात पाणी वाढवत होते, ते नुसतं आतच कोंबलं जायचं.

आणि एक गोष्ट जरा कठोरपणे सांगितलीत, तेही बरंच झालं. एका बरणीवर काळे ठिपके होते, मी वरचं काढून खालचं वापरणार होते. तुम्ही ती माझ्यासमोर कचऱ्यात टाकलीत आणि म्हणालात, "भेगांमधून आत जाणार आहे हे, आणि जे दिसत नाही ते जास्त वाईट." पाणी असलेल्या क्रीमला प्रिझर्वेटिव्ह हवंच, फिनॉक्सीइथेनॉल असेल तर १ टक्क्याच्या वर नाही, आणि क्रीम ४० डिग्रीच्या खाली आल्यावर घालायचं. मी नॅचरल नॅचरल करत बसले होते आणि त्यात सासूबाईंच्या पायाला इन्फेक्शन झालं असतं तर.

आता प्रत्येक घाणाच्या तीन डब्या ठेवते, एक फ्रीजमध्ये, एक कपाटात, आणि एक रात्री फ्रीजरला आणि दिवसा बाहेर असं तीन वेळा. अकरावा घाणा तिन्हीकडे टिकला. मे महिन्यात वरच्या खोलीत काय तापतं ते तुम्हाला माहितीये, तिथेही आठवडाभर ठेवला, तेल सुटलं नाही. सासूबाईंच्या टाचा जानेवारीतच भरून आल्या होत्या, त्या आता रोज सकाळी रामबागेपर्यंत चालत जातात आणि येताना तुमच्याकडे डोकावतात ते ह्याच आनंदात.

मुलीबरोबर काकूंसाठी एक डबी पाठवतेय. लेबलवर तारीख आणि घाण्याचा नंबर आहे, मागे वजनं लिहिलीत. डबी रिकामी झाली की तिच्याकडेच द्या, मी भरून पाठवीन, आणि वर पाणी किंवा तेल काहीही दिसलं तर वापरू नका, लगेच मला फोन करा, मी वही घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची