केसपेपरच्या रांगेतले आजारी मूल

महोदय,

शासकीय रुग्णालयात एकाच वेळी अनेक बालके दगावली की काही दिवस खाटा, डॉक्टर, औषधे आणि यंत्रसामग्री यांच्या कमतरतेवर चर्चा होते. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत १० बाळे गेली. ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत दगावलेल्या २४ रुग्णांमध्ये १२ नवजात होते. त्या चर्चेची गरज आहेच. परंतु एका उपजिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण कक्षात एकतीस वर्षे काम केलेली परिचारिका या नात्याने मला सांगावेसे वाटते की, एकेक करून, बातमी न होता जाणारी मुले संख्येने कितीतरी जास्त आहेत आणि त्यांतली बरीचशी दाखल झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच जातात. म्हणून रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून पहिल्या तासाभरात मुलाचे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बाजाराचा दिवस होता आणि केसपेपरच्या खिडकीसमोर रांग फाटकापर्यंत गेली होती. पाड्यावरून आलेली एक बाई आठ-नऊ महिन्यांचे मूल पदराखाली घेऊन उभी होती. जाता जाता मी विचारले, तर म्हणाली, "निजलंय सिस्टर. रातभर रडत हुतं, आत्ता कुठं डोळा लागला." मी पदर बाजूला केला, तेव्हा प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या आणि तळपायाला टिचकी मारूनही मूल डोळे उघडत नव्हते. आईला जी झोप वाटत होती ती बेशुद्धी होती. पाऊण तास ती तशीच उभी होती. मूल रडत नव्हते, म्हणून तिला पुढे सोडावे असे कोणालाच वाटले नव्हते. त्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी घालून दिलेली पद्धत फार साधी आहे. श्वास नीट चालू आहे का, हातपाय गार पडले आहेत का, मूल शुद्धीवर आहे की त्याला झटके येत आहेत आणि जुलाबांनी अंगातले पाणी आटले आहे का, या चार गोष्टी दारातच पाहायच्या. त्यांतली एक जरी बिघडलेली दिसली, तरी उपचार आधी सुरू करायचे आणि कागद नंतर करायचा. दोन महिन्यांच्या आतले बाळ, अतिकुपोषित किंवा पायांवर सूज असलेले मूल, पांढरेफटक पडलेले किंवा भाजलेले मूल यांना रांगेत सर्वांच्या पुढे घ्यायचे. या पाहणीला मिनिटभरही लागत नाही आणि डॉक्टरांचीही गरज पडत नाही. नीट शिकवले तर केसपेपर लिहिणारा कर्मचारीसुद्धा ती करू शकतो. आफ्रिकेतील मलावी या गरीब देशात, ब्लँटायर शहरातील मोठ्या सरकारी रुग्णालयाने २००१मध्ये मुलांच्या बाह्यरुग्ण विभागाची फेररचना करून ही पद्धत बसवली. तिथे दाखल मुलांमधील मृत्यूचे प्रमाण पूर्वी शंभरात १० ते १८ होते, ते ६ ते ८वर आले.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. निमोनिया झालेल्या मुलाचे ओठ निळे पडेपर्यंत थांबलो तर फार उशीर झालेला असतो, आणि सावळ्या, रक्त कमी असलेल्या मुलात तो निळेपणा दिसतही नाही. म्हणून रक्तातला प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर हवा आणि तो मुलांचा हवा. मोठ्या माणसांची बोटाला लावायची चिमटी तान्ह्या बाळाच्या बोटावर बसत नाही. ती चुकीचा आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावर विसंबून मूल घरी पाठवले जाते. पापुआ न्यू गिनीत पाच रुग्णालयांना ऑक्सिमीटर आणि हवेतून प्राणवायू वेगळा करणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रे दिली, ती वापरायला आणि दुरुस्त ठेवायला शिकवले, तेव्हा निमोनियाने होणारे बालमृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. २००८मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे कोविडच्या काळात अशी यंत्रे गावोगावी पोहोचली. त्यांतली काही मी स्वतः भांडारात प्लास्टिकच्या वेष्टनात धूळ खात पडलेली पाहिली आहेत. लहान मुलाच्या नाकात बसणारी नळी कधी मागवलीच नव्हती, एवढेच त्याचे कारण होते.

सलाईनविषयीही लिहिणे भाग आहे, कारण बाटली लावली म्हणजे उपचार झाले, अशी नातेवाइकांची आणि कधी कधी आमचीही समजूत असते. केनिया, युगांडा आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक गंभीर आजारी मुलांवर झालेल्या अभ्यासात, तापाने फणफणलेल्या आणि हातपाय गार पडलेल्या मुलांना भराभर सलाईन दिल्याने मृत्यू वाढले, असे २०११मध्ये दिसून आले. जुलाबांनी अंगातले पाणी आटलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, त्याला सलाईन लागते. म्हणून सलाईन लावताना मुलाचे वजन करावे, थेंब मोजावेत आणि दर अर्ध्या तासाने त्याच्याकडे पाहावे, यावाचून गत्यंतर नाही. कुपोषित मुलाची तर रक्तातली साखर आणि अंगातली ऊब रात्रीच उतरते. तीन मोठे चमचे पाण्यात एक छोटा चमचा साखर विरघळवून वेळेवर पाजली, दर दोन-तीन तासांनी रात्रीसुद्धा दूध दिले आणि मूल आईच्या अंगाशी ठेवले, तर ते सकाळ पाहते.

हे करणार कोण? माझ्या नोकरीत रात्रपाळीला चाळीस मुलांमागे एक सिस्टर असे. त्यातही निमोनियाचे मूल नजरेने ओळखू लागलेल्या मुलीची महिन्या-दोन महिन्यांत शस्त्रक्रिया विभागात बदली होई आणि नव्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागे. रात्री आईच दुसरी परिचारिका असते. पण तिला टेकायला जागा नसते, जेवणाची सोय नसते, घरी दुसरी लेकरे असतात. तिसऱ्या दिवशी ती डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घेऊन निघून जाते आणि आम्ही तिला अडाणी म्हणतो. मेळघाटात मुलांच्या पोटावर चटके देण्याच्या डंबा प्रथेवर आपण संतापतो, तो संताप योग्यच आहे. मात्र त्याच मुलाला आईने चाळीस किलोमीटर आणल्यावर रांगेत उभे करणे आणि प्राणवायूविना 'पुढे न्या' म्हणून पाठवणे याचाही तितकाच संताप यायला हवा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या कामातून घरोघरी नवजात बाळाच्या तपासणीची जी पद्धत उभी राहिली, तिच्यामुळे आज आशाताई आजारी बाळ वेळेत ओळखते आणि आईला समजावून रुग्णालयात आणते. तिचा शब्द रुग्णालयाने राखला पाहिजे.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीआधी आजारी मुलांसाठी एक टेबल, प्रशिक्षित व्यक्ती, मुलांचा ऑक्सिमीटर आणि चालू प्राणवायू ठेवावा. बालरुग्ण कक्षातील परिचारिकांना किमान तीन वर्षे हलवू नये. मुलासोबतच्या आईला जेवण द्यावे आणि आदिवासी भागातील बुडीत मजुरी घरी जाण्यापूर्वीच तिच्या हातात पडावी. पुढे पाठवायचे मूल १०८ रुग्णवाहिकेत प्राणवायू आणि परिचारिका यांच्याविना चढवू नये. आणि दाखल झाल्यापासून चोवीस तासांत दगावलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, ते दारात किती वाजता आले आणि पहिल्यांदा किती वाजता तपासले गेले या दोन वेळांसह, दरमहा जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवावी.

— एक निवृत्त परिसेविका, नाशिक